चरबी उतरेपर्यंत

“तुमचं लिव्हर आम्हाला चालणार नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला.

तो खुर्चीत अवघडून बसला होता. खुर्चीला हात होते आणि हात असलेल्या खुर्च्यांशी त्याचं आयुष्यात कधी जमलं नव्हतं. पडद्यावर करड्या रंगाचा एक ढग दिसत होता, मध्येच फटफटीत उजळलेला.

“चालणार नाही म्हणजे? रक्तगट जुळतो म्हणालात ना?”

“रक्तगट जुळतो. हृदय ठणठणीत आहे, किडन्या उत्तम. पण हे बघा, हे तुमचं लिव्हर. इतकं उजळ दिसायला नको. ही सगळी चरबी आहे. असं लिव्हर कापून ताईंना बसवलं तर तिथं ते जीव धरणार नाही. आणि तुमच्या पोटात जे मागे राहील, तेही धड चालणार नाही. एकाला वाचवायच्या नादात दोघं जायचे.”

तो ढगाकडे बघत राहिला. आपल्याला बहिणीला द्यायला एवढं मोठं शरीर आहे, त्यातलं लागेल तेवढं घ्या, अशा थाटात तो आत आला होता. आता पेपर कोरा ठेवून आलेल्या मुलासारखं त्याचं तोंड झालं.

“ताईंनाही हेच झालं होतं. सुरुवात अशीच असते,” बाई म्हणाल्या.

“पण ताई दारूच्या वाऱ्यालासुद्धा उभी राहिलेली नाही हो!”

“दारूच लागते असं नाही. आपण खातो ते तेल-लोणी पचवायला पित्त लागतं, ते लिव्हर बनवतं. पचलेली चरबी फिरून लिव्हरकडे येते, अंगात साठवलेलीही येते, आणि जास्तीच्या साखरेचीसुद्धा ते चरबीच करतं. त्यातली थोडी जाळतं, बाकीच्या बारीक पुड्या बांधून रक्तातून जिकडे हवी तिकडे धाडून देतं. आवक वाढत गेली आणि पाठवणी तेवढीच राहिली, की माल आतच पडून राहतो. पेशी फुगतात, मग सुजतात. सूज वर्षानुवर्षं राहिली की व्रण पडतात आणि मऊ लिव्हर दगडासारखं होतं. ताईंच्यात साखरेच्या आजाराची भर पडली. त्यांचं आता परत मऊ होणार नाही. तुमचं मात्र चरबीवरच थांबलंय. ही चरबी उतरते.”

“किती दिवसांत?”

“नेटानं केलंत तर दोन-तीन महिन्यांत.”

“आणि ताईकडे तेवढे आहेत?”

बाईंनी पडदा पुन्हा आपल्याकडे वळवून घेतला. “आहेत असं धरून चालू या.”

“मग आजपासून पाण्याशिवाय काही नाही!” तो उठला, तशी खुर्ची त्याच्याबरोबर थोडी वर आली.

“बसा, बसा. तो शहाणपणा मुळीच करू नका. उपाशी राहिलात तर अंगातली चरबी सुटून आधी लिव्हरकडेच धावेल आणि तिथं आणखी गर्दी होईल. वेळेवर खायचं, पण बेतानं. तळलेलं, गोड, लोण्याचं बंद. आणि रोज घाम निघेपर्यंत चालायचं. काम काय करता आपण?”

“लिफ्टची दुरुस्ती.”

बाईंच्या ओठांच्या कडेला हसू आलं, ते त्यांनी आवरलं. “मग यापुढं जिन्यानं जा,” त्या म्हणाल्या.

कंपनीत त्याला सगळे ‘ओव्हरलोड’ म्हणत. चारजणांच्या लिफ्टमध्ये तो आणि त्याची हत्यारांची पेटी शिरली की तिसऱ्याला बाहेर थांबावं लागे. पण कामाला माणूस चोख होता. दोराचा आवाज ऐकून कुठल्या चाकाची खाच झिजली आहे ते सांगायचा, आणि लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना बाहेरून असा काही गप्पांत गुंतवायचा, की दार उघडल्यावर ती माणसं गोष्ट संपेपर्यंत तिथंच उभी राहायची. जिन्याशी मात्र त्याचं उभं वैर. यंत्राची खोली गच्चीवर असायची आणि लिफ्ट बंद पडलेली असायची, म्हणजे कुणीतरी पायांनी वर जायलाच हवं. ते कुणीतरी म्हणजे नेहमी कामावरचा जोडीदार. हा खालून सूचना द्यायचा.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ ती भांडी जोराजोरात घासत राहिली. मग हात पुसत समोर येऊन बसली.

“मला विचारलंत?”

“आता विचारतोय की.”

“ठरवून झाल्यावर विचारतात होय?” तिचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. “एक लक्षात ठेवा. मला ताईही हव्यात आणि तुम्हीही. एकाच्या बदल्यात दुसरा, असला सौदा माझ्या घरात नको. करायचं तर नीट करायचं.” आणि तिनं फळीवरचा बिस्किटांचा डबा उचलून शेजारच्या घरी नेऊन दिला.

*

ताई त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो नुकता शाळेत जायला लागला होता. पोटाचं साधंसंच ऑपरेशन होतं. ताईनंच आईला दवाखान्यात नेलं होतं. आई आपल्या पायांनी चालत आत गेली होती, ‘संध्याकाळी धाकट्याला दूध दे’ एवढं सांगून. बाहेर आली ती झाकलेली. वडील नोकरीपायी कायम दूरगावी. पुढं ताईला टेलिफोन ऑफिसात ऑपरेटरची नोकरी लागली आणि तिला मागणी आली, तेव्हा तिनं एकच अट घातली, की धाकटा भाऊ बरोबर येईल. छापखान्यात मुद्रितं तपासणारा एक अबोल, सडपातळ माणूस या अटीला हो म्हणाला. ते भाऊजी. त्यांना पुढं मूलबाळ झालं नाही. ताई लोकांना सांगायची, “आम्ही मूल आधीच करून घेतलं होतं.”

हे मूल तिनं खाऊ घालून वाढवलं. रात्री दचकून उठला, खायला घाल. नापास झाला, खायला घाल. पास झाला, मग तर विचारायलाच नको. त्याच्या अंगावर मांस चढत गेलं तसतसा तिचा जीव निवत गेला. कुणी त्याला जाड म्हटलं तर ती फणकारायची, “जाड कुठे? अंगानं भरलेला आहे.” पंचेचाळिशी उलटलेल्या त्या धिप्पाड माणसाला ती अजून ‘छोट्या’ म्हणायची.

तो अहवाल घेऊन गेला, तेव्हा ताई खिडकीपाशी उशांना टेकून बसली होती. हातपाय काटकुळे झाले होते आणि पोट तेवढं पाणी साचून टम्म फुगलं होतं. डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे.

“चालत नाही म्हणाल्या? माझ्या छोट्याचं?” तिला हसू फुटलं. “बघा, मी सांगत नव्हते? बरं झालं. सुटलास.”

“सुटलो कुठला? चरबी उतरली की चालेल. दोन-तीन महिने म्हणतात.”

ताईचं हसू जागच्या जागी थांबलं. भाऊजी कोपऱ्यात पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली घेतला.

“आणि नाही उतरली तर?”

“उतरणार म्हणजे उतरणार.”

“हं,” ताई म्हणाली. मग तिनं विचारलं, “आज जेवणात काय होतं तुझ्या?”

“उकडलेली भाजी.”

“शी!” ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून डबे सुरू झाले.

भाऊजी बसनं यायचे आणि तो ज्या इमारतीत कामावर असेल तिच्या फाटकापाशी तीन खणांचा डबा देऊन जायचे. एका खणात तळलेले बटाटे, दुसऱ्यात लोण्यात परतलेला पाव नाहीतर भात, तिसऱ्यात सायीचा केक. दुपारी ताईचा फोन. “सलाडाच्या पाल्यावर माणूस लिफ्टा दुरुस्त करतो होय रे? आजारी पडशील. एवढं एवढंसं तर पाठवते. आणि हे बघ, मला आता फारसं काही करता येत नाही. एवढं करू दे.”

ताईचा डबा न उघडता परत पाठवणं त्याला ताईलाच उंबऱ्यावरून परत पाठवल्यासारखं वाटे. मग तो मनाशी हिशेब करायचा, की आज सगळे जिने दोनदा चढू. आणि खरंच चढायचा. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावर त्याच्या डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. पुढं सहाव्यापर्यंत मजल जाऊ लागली. जोडीदार वरून ओरडायचा, “ओव्हरलोड, आहेस की गेलास?” हा धापा टाकत वर पोचायचा, काम उरकायचा आणि खाली येऊन भिंतीशी बसून तिन्ही खण चाटूनपुसून साफ करायचा.

महिन्यानं पुन्हा तपासणी झाली. बाईंनी पडदा बराच वेळ निरखला.

“फरक अगदी नावापुरता आहे. तुम्ही खरं सांगा, खाताय काय?”

त्यानं मान खाली घातली. ताईला त्याच आठवड्यात रक्ताची उलटी झाली होती. अन्ननलिकेतली फुगलेली रक्तवाहिनी फुटली होती, ती बांधून तिला कालच घरी सोडलं होतं. हे बाईंना त्याच्याहून जास्त ठाऊक होतं. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, “पुढच्या वेळी ती रक्तवाहिनी फुटली तर मी थांबवू शकेनच असं नाही.”

तरी दोन दिवसांनी पुन्हा डबा आला. फाटकाबाहेर भाऊजी उभे होते, नेहमीसारखे, खांद्याला पिशवी लावून. त्यानं हात पुढं केला. भाऊजींनी डबा दिला, पण कडी सोडली नाही. दोघांच्या मध्ये डबा तसाच लोंबकळत राहिला.

“हे खाऊ नकोस,” भाऊजी म्हणाले.

“का? बिघडलंय का काही?”

“बिघडलेलं नाही. उत्तम झालंय.” भाऊजी त्याच्याकडे बघत नव्हते, डब्याकडे बघत होते. “तिला उभं राहवत नाही, स्टुलावर बसून करते. लोणी दुप्पट घालते. मी म्हटलं, अगं, त्याला बारीक व्हायचंय ना? तर म्हणाली, त्याला बारीक होऊ द्यायचं नाही. बारीक झाला की त्याला टेबलावर घेतील.”

त्याची नजर भाऊजींवरून डब्यावर आली.

“म्हणजे ताई मुद्दाम...”

“आईचं झालं तेव्हापासून तिच्या मनातून ते जात नाही. मला तिनं शपथ घातली होती. तिचा शब्द मी आजवर मोडला नाही.” भाऊजींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा चढवताना तो कानावर नीट बसेना. “मीच रोज हा डबा घेऊन येतो. बसमध्ये मांडीवर धरून. मला ती हवीय रे. आणि मी हे घेऊन येतो.”

लहानपणापासून तो या माणसाच्या घरात वाढला होता, पण इतकी वाक्यं एका दमात त्यांच्या तोंडून त्यानं कधी ऐकली नव्हती. त्यानं भाऊजींच्या हातातून डबा सोडवून घेतला.

“तुम्ही उद्याही डबा घेऊन या,” तो म्हणाला. “रोज या. रिकामा डबा रोज परत न्या. तिला काही कळता कामा नये.”

*

त्या इमारतीतलं काम पुढं दोन महिने चाललं. त्या दिवसापासून ताईचा डबा तिथला पहारेकरी, जोडीदार आणि झाडूवाल्या मावशी असे तिघं मिळून खाऊ लागले. तो त्यांच्याकडे पाठ करून आपली काकडी आणि उकडलेली कडधान्यं चावत बसायचा. केकचा वास आला की उठून दोन मजले चढून यायचा. दुपारी ताईचा फोन आला की पहिली काही मिनिटं जिवावर यायची.

“केक कसा झाला होता? गोडाचा मला आता अंदाज येत नाही.”

तो पहारेकऱ्याकडे बघायचा. पहारेकरी भरल्या तोंडानं बोटांची चिमूट करून दाखवायचा, कणभर जास्त.

“एक नंबर! किंचित गोडाकडे झुकला होता, एवढंच.”

“सगळा खाल्लास?”

“कण ठेवला नाही.”

“गुणाचा माझा तो,” ताई म्हणायची, आणि फोन ठेवल्यावर त्याला पोटात कुठंतरी खुपल्यासारखं व्हायचं. ती भूक नव्हती, भूक तो एव्हाना चांगली ओळखायला लागला होता.

अंग उतरायला लागलं तशी नवीच पंचाईत उभी राहिली. दर दोन-तीन दिवसांनी तो ताईला भेटायला जायचा. ती बघेल त्याचं काय? उपाय बायकोनं काढला. तिनं त्याला सदऱ्याच्या आत एक स्वेटर घालायला लावला, मग एकावर दुसरा, आणि पुढं पोटावर टॉवेल गुंडाळून वरून पट्टा. असा सजवलेला तो ऐन उकाड्यात ताईसमोर घाम गाळत बसायचा.

“किती रे घाम तुला! पंखा मोठा करा हो,” ताई म्हणायची. भाऊजी उठून पंखा मोठा करायचे आणि पाठ फिरवून खिडकीची कडी उगाच काढायचे, उगाच लावायचे. त्यांचे खांदे हलायचे. हसताहेत की काय करताहेत, ते कळायचं नाही.

ताईची नजर त्याच्या पोटावरून समाधानानं फिरायची. ती स्वतः मात्र दिवसागणिक खंगत होती. कधी बोलता बोलता शब्द विसरायची, कधी वाराची गल्लत करायची. बाईंनी सांगितलं होतं, की जे विष लिव्हरनं गाळायचं ते आता मेंदूपर्यंत पोचतंय. औषध दिलं की दोन-चार दिवस पुन्हा लख्ख व्हायची.

पुढच्या तपासणीत पडद्यावरचा ढग काळवंडला होता. मशीन चालवणाऱ्यानं त्याचं नाव दोनदा विचारून घेतलं. बाई पहिल्यांदा मोकळ्या हसल्या आणि त्यांनी उठून त्याच्या हातात हात दिला. “हे लिव्हर मी घेईन,” त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी तो स्वेटर न घालता ताईकडे गेला.

जुना सदरा त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. ताईनं त्याला दारात पाहिलं आणि ती हळूहळू उशीवरून उठून बसली.

“हे काय करून घेतलंस?”

“चरबी उतरली, ताई. चालतं म्हणाल्या.”

“आणि मी पाठवत होते ते?”

“ते दुसऱ्यांनी खाल्लं. आमच्या पहारेकऱ्याचा पट्टा आता शेवटच्या भोकावर गेलाय.”

ताई हसली नाही. तिनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. “तुम्ही सांगितलंत.”

“हो,” भाऊजी म्हणाले. त्यांनी सबब सांगितली नाही आणि मानही खाली घातली नाही.

मग ताई म्हणाली, “आईचा हात धरून मीच नेलं होतं तिला. ती चप्पल बाहेर काढून आत गेली. ती चप्पल मी हातात घेऊन घरी आले. तुला नाही मी तिथं नेणार, छोट्या.”

“तू नको नेऊस. मीच तुला नेतो.”

“थट्टा करू नकोस. तुला काही झालं, तर ते तुझं पोटात घेऊन मी कशी जगू?”

“आणि तुला काही झालं,” तो तिच्या पायाशी बसला, “तर हे माझं पोटात ठेवून मी कसा जगू?”

ताईच्या पिवळ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायला ती भाऊजींच्या हातातला रुमाल ओढून घेत होती. त्यानं तिला समजावलं, की हा अवयव निराळाच आहे. कापून दिला तरी दोघांच्याही पोटात तो पुन्हा वाढतो, काही महिन्यांत जवळजवळ होता तेवढा होतो. ताईनं नाक पुसलं.

“खरंच वाढतं?”

“बाईंना विचार.”

“बरं.” ती उशीला टेकली, दमलेली. “पण अर्ध्याहून जास्त द्यायचं नाही. सांगून ठेवते.”

“मोजून अर्धं,” तो म्हणाला. बाईंनी त्याला अर्ध्याहून थोडं जास्तच सांगितलं होतं.

*

तारीख ठरली, कागदांवर सह्या झाल्या. बायकोनं त्याची दवाखान्याची बॅग भरली, रिकामी केली आणि पुन्हा भरली. तारखेच्या आदल्या आठवड्यात ताईला थंडी वाजून ताप भरला आणि तिला दवाखान्यात दाखल करावं लागलं. पोटात साचलेल्या पाण्यातच जंतू शिरले होते.

“ताप उतरेपर्यंत हात लावता येणार नाही,” बाई म्हणाल्या. त्या रोज दोनदा येत, औषधं बदलत, आणि रोज थोड्या कमी बोलत.

तो दुपारी भेटायच्या वेळेला गेला, तेव्हा भाऊजी खाली औषधं आणायला गेले होते. खोलीत ऊन आलं होतं. ताई टक्क जागी होती. तिनं त्याला दारापासून खुर्चीपर्यंत येताना नीट पाहिलं, आणि अगदी अदबीनं, ऑफिसातल्या जुन्या आवाजात विचारलं,

“कोणाशी बोलायचंय आपल्याला?”

“ताई, मी आहे.”

“मी म्हणजे कोण? नाव सांगा. जोडून देते.”

तो वाकून तिच्या तोंडासमोर आला. तिचे डोळे त्याच्या बसलेल्या गालांवरून, सैल कॉलरवरून फिरले आणि परक्या माणसावरून काढून घ्यावेत तसे बाजूला झाले. त्याला क्षणभर वाटलं, धावत घरी जावं, ते दोन्ही स्वेटर आणि टॉवेल अंगावर चढवावेत आणि पुन्हा यावं.

“मी तुमच्या भावाकडून आलोय,” तो म्हणाला.

ताईचा चेहरा उजळला. “छोट्याकडून? बसा ना. कसा आहे तो? तुमची ओळख कशी? बरोबर काम करता?”

“हो, बरोबरच असतो.”

“मग तुम्हाला ठाऊकच असेल. केवढा आहे माझा भाऊ! दारात उभा राहिला तर आत उजेड यायचा नाही.” ती कौतुकानं हसली, मग त्याच्याकडे बघून तिला काळजी वाटली. “तुम्ही अगदीच वाळलाय हो. घरी करून घालायला कुणी नाही का?”

“आहेत.”

“मग खात जा. जेवला का तो?”

“जेवला.”

“काय जेवला?”

“तळलेले बटाटे. लोण्यातला पाव. आणि सायीचा केक.”

“पोटभर?”

“पोटभर. कण ठेवला नाही.”

“मग बरंय.” ताईनं डोळे मिटले. तिला झोप लागली असं वाटून तो उठणार, तेवढ्यात तिनं त्याची बाही धरली. बोटांत जोर नव्हता, पण त्याला ती सोडवून घेता आली नाही.

“माझं एक काम कराल? त्याला निरोप द्या. इकडे येऊ नको म्हणावं. इथं कापतात.”

“सांगतो,” तो म्हणाला.

ताई त्यानंतर शुद्धीवर आली नाही. दोन दिवसांनी पहाटेच्या सुमाराला ती गेली. बाई स्वतः बाहेर येऊन त्यांच्याजवळ उभ्या राहिल्या. त्याला एक प्रश्न विचारायचा होता, की सुरुवातीचा तो महिना डबे खाल्ले नसते तर? त्यानं बाईंकडे पाहिलं, मग बाकावर बसलेल्या भाऊजींकडे पाहिलं, आणि तो प्रश्न त्यानं विचारला नाही. पुढंही कुणाला विचारला नाही.

*

रजा संपवून तो कामावर रुजू झाला. पहिल्याच इमारतीत एक ओळखीच्या बाई लिफ्टची वाट बघत उभ्या होत्या. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“अगं बाई, तुम्हीच का ते? किती छान दिसताय! दहा वर्षांनी लहान झालात. काय केलंत तरी काय?”

“जिने चढलो,” तो म्हणाला आणि पेटी उचलून जिन्याकडे वळला.

सुटीच्या दिवशी दुपारी तो भाऊजींकडे गेला. बायको दुसऱ्या दिवशी येणार होती. ताईचे कपडे कपाटातून काढायचे होते आणि ते तिच्याशिवाय दोघांनाही जमणारं नव्हतं. भाऊजींनी स्वयंपाक करून ठेवला होता. भात, भाजी आणि टोमॅटोचं सूप. ताईला उठवेनासं झालं, त्या शेवटच्या दिवसांत ते डॉक्टरीणबाईंनी दिलेला पथ्याचा कागद समोर धरून स्वयंपाक शिकले होते.

दोन ताटं मांडली. भाऊजी भाताचं पातेलं घेऊन त्याच्या ताटाशी उभे राहिले.

“किती वाढू?”

त्यानं वर पाहिलं. या घरात हा प्रश्न त्याला कधी कुणी विचारला नव्हता. भाऊजी डाव धरून थांबले होते. किती ते त्यांनाही खरोखरच ठाऊक नव्हतं.

“वाढा तुम्हाला वाटेल तेवढं.”

भाऊजींनी एक डाव वाढला, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि आणखी अर्धा वाढला.

पहिल्या घासाला त्याच्या लक्षात आलं, की भातात मीठ नाही. भाजीत नव्हतं आणि सुपातही नव्हतं. पोटात पाणी साचू नये म्हणून ताईला मीठ बंद होतं, आणि भाऊजींना तेवढाच स्वयंपाक येत होता. मिठाची बरणी ओट्यावर होती, हात लांबवला तर पोचेल इतक्या जवळ. भाऊजींनी एकदा तिकडे पाहिलं. त्यानंही पाहिलं. मग दोघं खाली मान घालून जेवत राहिले, ताटं रिकामी होईपर्यंत.